साबण काय काय खातो

घरगुती साबणाच्या फोटोत सामान नेहमी तेच असतं. लाकडी पाट, नारळाची कवड, मधाची बाटली, गुलाबाच्या चार पाकळ्या, जमलंच तर एखादं हळकुंड. ज्या वस्तूशिवाय साबण होतच नाही ती मात्र फोटोत कधी नसते. पांढऱ्या पापुद्र्यांची ती वस्तू आम्ही जाड पिशवीत घट्ट बांधून आणतो. कॉस्टिक सोडा. हार्डवेअरवाला देताना हमखास विचारतो, "काय ताई, मोरी तुंबली का?" नाही, आंघोळीचा साबण करायचाय, असं सांगितलं की तो आधी आपल्याकडे बघतो, मग पिशवीतल्या खोबरेल तेलाच्या डब्याकडे, आणि पुढे काही विचारत नाही.

हा छंद लागलेल्या माणसांचा आमचा एक कळप आहे. पुणे, ठाणे, नाशिक, रत्नागिरी. एक वहिनी तर न्यू जर्सीत. बहुतेक बायका, थोडे निवृत्त काका. भेटलो की साबणाच्या सौंदर्याबद्दल कुणी बोलत नाही, फजित्याच निघतात. त्यातल्या काही इथे सांगते. नावं गाळून, कारण बऱ्याच जणींच्या सासूबाईंना अजून सगळं कळलेलं नाही.

ओळखीतलं कुणी साबण मागायला आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "केमिकल नसलेला दे हं." आमच्यातल्या रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका यावर शांतपणे म्हणतात, "मग नुसती तेलाची बाटलीच घेऊन जा." त्यांचं खरं आहे. तेल म्हणजे एका ग्लिसरीनला धरून बसलेली तीन मेदाम्लं. कॉस्टिक त्यांची ताटातूट करतो, आपलं सोडियम मेदाम्लांना देतो आणि त्याचा साबण होतो. सुटलेलं ग्लिसरीन वडीतच राहतं. माप बरोबर असेल तर शेवटी कॉस्टिक उरतच नाही. कॉस्टिकशिवाय साबण नाही, आणि झालेल्या साबणात कॉस्टिक नाही. हे समोरच्याला पटवताना आमचं निम्मं आयुष्य जातं.

प्रदर्शनांतल्या टेबलांवर मात्र "कॉस्टिक न वापरता बनवलेला" अशा पाट्या सर्रास दिसतात. त्यामागचं गुपित असं की तो साबण बहुतेक वेळा तयार 'बेस'चा असतो. पारदर्शक किंवा दुधी रंगाच्या लाद्या किलोवर मिळतात. त्या चिरायच्या, वितळवायच्या, रंग-वास घालून साच्यात ओतायच्या. तासाभरात वड्या तयार. कॉस्टिक त्यातही वापरलेला असतोच, फक्त तो आधी कारखान्यात वापरून झालेला असतो. यात कमीपणा काहीच नाही. लहान मुलांना घेऊन करायला तर हाच प्रकार बरा. पाटी तेवढी खोटी.

आता मापाचं. मराठी स्वयंपाकघर अंदाजावर चालतं. चिमूटभर, मूठभर, 'घाल की जरा'. साबणाला हे चालत नाही. एक किलो खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो. तेवढ्याच शेंगदाणा तेलाला १३६ पुरतो, एरंडेलाला १२८. म्हणून तेल बदललं की सगळा हिशोब नव्याने करायचा, आणि वर साधारण पाच टक्के तेल मुद्दाम शिल्लक राहील अशा बेताने कॉस्टिक कमी घ्यायचा. त्यालाच आम्ही सुपरफॅट म्हणतो. ठाण्याच्या एका मैत्रिणीने काटेकोर वजन करून ठेवलेल्या पातेल्यात तिच्या सासूबाईंनी, ती फोनवर असताना, वाटीभर तेल आणखी ओतलं. "कोरडा वाटत होता गं हिशोब," हे त्यांचं स्पष्टीकरण. तो साबण दोन महिने झाले तरी बोटाने दाबला जात होता. उलटी चूक जास्त वाईट. खोबरेलासाठी काढलेल्या मापात शेंगदाण्याचं तेल घेतलं की वडी छान टणक, पांढरीशुभ्र होते आणि अंगाची आग करते.

ती आग आंघोळीआधी ओळखायची आमची चाचणी घरच्यांना अजून पचलेली नाही. ओलं बोट वडीवर घासायचं आणि जिभेच्या टोकाला लावायचं. नुसती साबणाची बेचव चव आली तर ठीक. छोटा सेल जिभेला लावल्यावर बसतो तसा झटका बसला, तर कॉस्टिक शिल्लक आहे. मुरलेल्या जुन्या लोकांना बोटाचीही गरज वाटत नाही, ते थेट वडीलाच जीभ लावतात. नाशिकच्या एका काकूंना रात्री अकरा वाजता ओट्यापाशी उभ्याने साबण चाटताना त्यांच्या जावयाने पाहिलं. जावई दिवाळसणाला आलेला होता. बिचारा काही न बोलता पाणी पिऊन परत गेला.

भांड्यांचा वेगळाच इतिहास आहे. नियम साधा: स्टील चालेल, चांगल्या जाड प्लास्टिकची बादली चालेल, ॲल्युमिनियम अजिबात नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो आणि खाताना हायड्रोजन वायू सोडतो, पेट घेणारा. हा नियम वर्गात दोनदा सांगितला तरी एखादी तरी नवी विद्यार्थिनी घरी जाऊन हिंडालियमचं दुधाचं पातेलं काढतेच. मग फोन येतो, "ताई, फसफसतंय, आणि काळं पडतंय." त्या फोनला एकच उत्तर असतं: गॅस बंद कर, खिडक्या उघड, लांब हो. पातेलं गेलेलंच असतं. अशा अनुभवांवरून जुन्या मंडळींच्या घरात साबणाच्या प्रत्येक वस्तूवर लाल नेलपॉलिशची खूण असते. तरीही एका घरात साबणाच्या हँड ब्लेंडरने सासऱ्यांनी ताक घुसळलं. ब्लेंडर धुतलेला होता, कुणाला काही झालं नाही, पण ताकाला लॅव्हेंडरचा वास आला. "आज ताक वेगळंच लागतंय," एवढंच ते म्हणाले आणि आणखी एक वाटी मागितली.

कॉस्टिक पाण्यात घालायचा, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. पाणी एकदम इतकं तापतं की उसळून तोंडावर येतं. नीट घातला तरी पारा ८० अंशांच्या वर जातो आणि नाकात झिणझिण्या आणणारी वाफ निघते. म्हणून हे काम बाल्कनीत. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. २०२० च्या टाळेबंदीत पुष्कळांनी हा छंद धरला, आणि समोरच्या इमारतीतून अशा पोशाखातली माणसं वाफाळत्या बादलीशी दिसली की सोसायटीत काय काय बोललं जायचं ते विचारूच नका. एका काकांकडे तर सेक्रेटरी चौकशीला आले. जाताना चार वड्या घेऊन गेले.

एक गंभीर गोष्ट इथेच सांगते. 'फाइट क्लब' (१९९९) या इंग्रजी सिनेमात हातावर कॉस्टिक पडल्यावर वर व्हिनेगर ओततात. तो प्रसंग पाहून साबण शिकायला आलेली कितीतरी तरुण मुलं व्हिनेगरची बाटली जवळ ठेवतात. अंगावर कॉस्टिक उडाला तर व्हिनेगर शोधत बसायचं नाही. नळाखाली धरायचं, भरपूर पाणी, पंधरा-वीस मिनिटं. डोळ्यात गेला तर धूत धूतच डॉक्टरकडे. व्हिनेगर सांडलेला ओटा पुसायला ठेवा.

आता मुख्य गोष्ट. लोक साबणात जे जे मागतात, ते ते कॉस्टिक आधी खाऊन बघतो.

हळद घ्या. हळदीचा साबण पिवळाधमक होईल अशी प्रत्येक नवशिक्याची खात्री असते. हळद घालून ढवळलं की मिश्रण विटकरी लाल होतं. शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल होतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, तरी पातेल्यात ते दिसलं की धक्का बसतोच. सोलापूर जिल्ह्यातल्या केमला कुंकू करणाऱ्यांना यात काहीच नवल वाटणार नाही. हळदीला टाकणखाराची संगत मिळाली की ती लाल होते, कुंकवाचा जुना धंदा त्यावरच उभा आहे. मुरता मुरता साबणाचा तो रंग नारिंगीकडे झुकतो आणि उजेडात ठेवला की फिका पडत जातो. केशराची गत याहून वाईट. पैसे जातात, रंग जातो, वास तर आधीच गेलेला असतो. लेबलवर मात्र 'केशर' राहतं.

दूध घातलं की त्यातली साखर कॉस्टिकच्या उष्णतेने करपते, मिश्रण तपकिरी होतं आणि वर अमोनियाचा उग्र दर्प. यावर उपाय म्हणून आम्ही दुधाचा बर्फ करतो आणि त्या गोठलेल्या तुकड्यांवर कॉस्टिक थोडा थोडा टाकतो. बकरीच्या दुधाचा पांढरा साबण दिसला तर समजा, त्यामागे कुणाचं तरी फ्रीजर आठवडाभर अडलेलं होतं. मध जास्त झाला तर वेगळीच तऱ्हा: साचा आतून तापत जातो आणि मिश्रण फुगून बाहेर येतं. पुण्याच्या एका मैत्रिणीने साचा टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवला होता. सकाळी साबण कपाटाच्या दारावरून खाली उतरून पैठणीच्या कप्प्याच्या कडीपर्यंत पोचलेला. कडी अजून चकाकते म्हणे.

फुलांचं तर विचारू नका. गुलाबाच्या पाकळ्या काळपट पडतात, जास्वंदीची पूड घातली तर गुलाबीचा मातकट राखाडी होतो. लॅव्हेंडरच्या वाळक्या कळ्या वडीवर पेरल्या तर पंधरा दिवसांत त्या उंदराच्या लेंड्यांसारख्या दिसतात. ही थट्टा साबणवाल्यांच्या जगात सगळीकडे चालते. एका लग्नघरी पाहुण्यांना वाटायला गुलाबपाकळ्यांच्या वड्या ठरल्या होत्या. करणारणीने नमुना ताजा दाखवला, गुलाबी, देखणा. लग्न महिनाभराने होतं. हळदीच्या दिवशी खोका उघडला तेव्हा वरमाई म्हणाल्या, "यावर किडे बसलेत." शेवटी सगळ्या वड्यांवरून पाकळ्या खरवडून काढल्या. करवल्यांनी, मेंदीच्या हातांनी.

कॉस्टिकच्या तावडीतून सुटणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि त्या शोधून काढण्यातच या छंदाची खरी मजा आहे. कॅलेंडुलाच्या पाकळ्या पिवळ्याच राहतात. मंजिष्ठा गुलाबी देते. रतनजोत तेलात भिजवली की तेल लालभडक होतं, आणि त्याच तेलाचा साबण केला की जांभळा. दरवेळी ते होताना बघायला मी हातातलं काम सोडून उभी राहते.

वासांपैकी लिंबू-संत्र्याची तेलं आठवड्याभरात उडून जातात, गवती चहा टिकतो. लवंगेचं तेल आणि मोगऱ्याचे बरेचसे कृत्रिम सुवास यांच्याशी खेळू नये. मिश्रण नीट ढवळलं जात असतं, वर सोडलेल्या थेंबाची रेघ दिसायला लागलेली असते, म्हणजे आमच्या भाषेत ट्रेस आलेला असतो. तेवढ्यात सुवास पडतो आणि पाच-सहा सेकंदांत सगळा ऐवज दगड. चमचा उभा तो उभाच. "माझा मोगरा अडकला" एवढं कुणी म्हटलं की आम्ही पुढचं विचारत नाही. आणि चंदन? खऱ्या चंदनतेलाचा भाव एकदा बघा आणि मग स्वस्तातली 'शुद्ध चंदन' अशी वडी हातात घ्या. म्हैसूरचं गणित निराळं होतं. पहिल्या महायुद्धात तिथलं चंदन युरोपात जायचं थांबलं, लाकूड पडून राहिलं, म्हणून संस्थानाने तेल गाळलं, सोसले गरलापुरी शास्त्री यांना इंग्लंडला शिकायला पाठवलं, आणि साबण निघाला. त्यांच्याकडे जंगल होतं. आपल्याकडे कुंडी असते.

एकीच्या ब्लेंडरने मिश्रणात इतकी हवा भरली की वड्या बादलीत तरंगायला लागल्या. ती हिरमुसली. तिला म्हटलं, अगं, अमेरिकेत एका कंपनीने याच गोष्टीवर बक्कळ पैसा केला. १८७९ सालचा आयव्हरी साबण पाण्यावर तरंगायचा. कामगार जेवायला गेला, यंत्र चालूच राहिलं आणि चुकून हवा भरली, अशी त्याची गोष्ट शंभरेक वर्षं सांगितली गेली. मग २००४ मध्ये कंपनीच्याच दफ्तरखान्यात जेम्स गॅम्बल यांची १८६३ ची वही सापडली. तरंगणारा साबण केल्याची नोंद तीत चक्क लिहिलेली होती. कसलं जेवण आणि कसली चूक. लेबलांवरचा माझा अविश्वास तेव्हापासून आणखी पक्का झाला.

कोकणातल्या मंडळींशी बोललं की मात्र छंदाला वजन येतं. कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, भिरंडेल, भेगाळलेल्या टाचांना लावायला घरोघरी असायचं. ते मिश्रणात थोडं घातलं की वडी टणक होते, पावसाळ्यातही विरघळून लगदा होत नाही. जास्त घातलं तर फेस रुसतो. उंडीचं तेल हिरवट, जाड, आणि त्याचा वास आवडणाऱ्यांनाच आवडतो. करंज आणि कडुनिंब यांचे साबण औषधी म्हणून सगळे मागतात आणि पहिल्या आंघोळीनंतर परत करतात. तो दर्प महिनोन्‌महिने जात नाही. कॉस्टिक सगळं खातो, पण कडुनिंबाचा वास त्यालाही झेपत नाही. गंमत म्हणजे अशा अखाद्य तेलांचे साबण हा खादी-ग्रामोद्योगाचा जुना, मान्य उद्योग. खाण्याचं तेल खायला ठेवायचं आणि रानातल्या बियांचं अंगाला लावायचं, असं ते शहाणपण होतं. नुसत्या खोबरेलाचा साबणही कमी लेखू नका. भरपूर फेस देतो, अगदी खाऱ्या पाण्यात, म्हणून बोअरच्या जड पाण्याच्या गावांना बरा. फक्त तो अंग कोरडं करतो, त्यामुळे त्यात आम्ही पाचाऐवजी वीस टक्के तेल शिल्लक ठेवतो.

आणि खार? आज पिशवीत मिळतो तो कारखान्यातला. पण बुलढाण्याच्या लोणार सरोवराचा सोडा शतकानुशतकं काढला जायचा, त्याच्या दल्ला, खुप्पल अशा प्रती होत्या. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाडाच्या वर्णनात इथे काचेला आणि साबणाला लागणारा माल मिळतो असं नोंदवलंय. त्या सोड्यात चुन्याची निवळी मिसळली की कॉस्टिक तयार होतो. तेल, खार, चुना. माणसं हे कित्येक शतकं करत होती आणि पातेल्यात नक्की काय घडतं हे मात्र फ्रान्सच्या शेव्हरलने १८२३ मध्ये पुस्तक लिहीपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. गृहस्थ १०२ वर्षं जगला. साबणवाले याचं श्रेय साबणाला देतात.

साबण झाला, वड्या पाडल्या, तरी काम संपत नाही. चार ते सहा आठवडे वारा लागेल असं ठेवायचं, पाणी उडू द्यायचं. इथे घरातल्या जागेची भांडणं सुरू होतात. पलंगाखाली, पुस्तकांच्या मागे, देवघराच्या वरच्या फळीवर. मुंबईच्या पावसात हवेतलं पाणी ग्लिसरीन ओढून घेतं आणि वड्यांना घाम फुटतो. पंखे लावून बसावं लागतं. साबण काय काय खातो ते सांगितलं, आता साबण कोण खातं तेही ऐका. उंदीर खातात. चिचुंद्र्या खातात, आणि नेमका महागातला. कोकणात तर कावळे. विहिरीवरून साबण पळवणारा कावळा तिथल्या कुणालाही विचारा. रत्नागिरीच्या एका काकांनी पडवीत वाळत घातलेल्या वड्यांपैकी रोज एक कमी व्हायची. त्यांनी शेजारच्या मुलांवर आळ घेतला, शेजाऱ्यांशी बोलणं तुटलं. पुढे नारळ उतरवायला आलेल्या माणसाने वरूनच ओरडून सांगितलं, "काका, इथं घरट्यात तुमचा दुकान हाय!" शेजाऱ्यांशी समेटाला दोन वड्या गेल्या.

भेट देणं वेगळं आणि विकणं वेगळं, हेही सांगायला हवं. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम यांच्याखाली साबण करून विकायचा तर उत्पादनाचा परवाना लागतो. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तो मिळत नाही. पहिलं प्रदर्शन चांगलं गेलं की प्रत्येक जण व्यवसायाची स्वप्नं बघतो. हा नियम वाचला की निम्मे परत छंदाकडे वळतात, आणि माझ्या मते ते जास्त सुखात असतात.

दिवाळीचा साबण आमच्याकडे गणपतीच्या सुमाराला होतो. म्हणजे अभ्यंगस्नानापर्यंत मुरतो. हे दरवर्षी सांगून झालेलं असतं, तरी वसुबारसेला फोन येतोच.

"अगं, नरक चतुर्दशीला बारा वड्या हव्यात. चंदन-केशर. जमेल ना?"

"मावशी, आज केला तर डिसेंबरात मिळेल."

"एवढा वेळ? भट्टीत घालून बघ की जरा."

"भट्टीत नाही हो घालत."

"बरं, मग केमिकल नसलेला दे. तो तरी लवकर होत असेल."